खपलीमागची जनुके

डास चिरडला की तळहातावर लाल ठिपका उमटतो. तो पाहून डासाचे रक्त लाल असते असा आपला समज होतो. प्रत्यक्षात ते रक्त आपले किंवा आपल्याआधी त्या डासाने ज्याला दंश केला त्याचे असते. डासाच्या स्वतःच्या शरीरातील द्रव जवळजवळ रंगहीन असतो. झुरळाचा पाय तुटला तर तेथे पांढुरका थेंब दिसतो, थोड्याच वेळात तो घट्ट होतो आणि झुरळ उरलेल्या पायांनिशी फटीत निघून जाते. या थेंबाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही; पण तो वाहता वाहता थांबला कसा, हा प्रश्न गेली पंचवीस वर्षे जनुकशास्त्रज्ञांना गुंतवून ठेवणारा ठरला आहे.

माणसाचे रक्त बंद नळ्यांतून वाहते. नळी फुटली की रक्तबिंबिका त्या छिद्रापाशी गोळा होतात, रक्तातील घटक एकामागून एक जागे होतात आणि अखेरीस फायब्रिन या प्रथिनाचे धागे विणले जाऊन गुठळी तयार होते. कीटकाकडे यातील फारसे काही नाही. त्याला शिरा-धमन्यांचे जाळे नसते. पाठीलगत एक लांबट नळीसारखे हृदय असते आणि बाकीचे सारे अवयव एकाच पोकळीत, रक्तलसिका नावाच्या द्रवात बुडालेले असतात. प्राणवायू पोचवण्याचे काम स्वतंत्र श्वासनलिका करतात, त्यामुळे या द्रवाला तांबड्या पेशींची गरज भासत नाही. रक्तबिंबिका नाहीत आणि फायब्रिनही नाही.

अशा शरीराला जखम झाली तर संकट दुहेरी असते. पहिले म्हणजे, आकुंचन पावून गळती कमी करील अशी रक्तवाहिनीच नसल्याने भोक पडले की सगळी पोकळी उघडी पडते. अळीच्या बाबतीत तर द्रवाचा दाब हाच तिचा कणा असतो. तो गेला की तिला सरपटताही येत नाही. दुसरे संकट अधिक गंभीर आहे. बाहेरचा जंतू त्या भोकातून आत शिरला, तर एकाच उडीत तो साऱ्या अवयवांपर्यंत पोचतो. म्हणून कीटकाची गुठळी ही गळती थांबवण्याची सोय आहे, तशीच ती शत्रूला दारातच जखडून ठेवण्याचीही सोय आहे. तिच्यामागची जनुके सापडत गेली तसतसे हे दुसरे काम किती महत्त्वाचे आहे, हे कळत गेले.

फळमाशीची मदत

या शोधाचे श्रेय मुख्यतः पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या फळमाशीला जाते. शास्त्रीय भाषेत तिला ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर म्हणतात. 2000 सालच्या मार्च महिन्यात तिचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला आणि सुमारे चौदा हजार जनुकांची यादी संशोधकांच्या हाती आली. या माशीचे कोणतेही एक जनुक बंद करता येते, मग अळीला सूक्ष्म सुईने टोचून काय बिघडते ते पाहता येते. यंत्राचा एकेक खिळा काढून पाहावा तशी ही पद्धत आहे.

या अळीच्या रक्तलसिकेतील बहुसंख्य पेशी जंतूंना गिळणाऱ्या असतात. सुमारे पाच टक्के पेशींमध्ये मात्र स्फटिक दिसतात, म्हणून त्यांना स्फटिकपेशी हे नाव मिळाले. यांशिवाय मोठ्या परोपजीवीभोवती आवरण घालणाऱ्या चपट्या पेशी गरजेप्रमाणे तयार होतात. जखम भरण्याच्या कामात पहिल्या दोन प्रकारच्या पेशी आणि त्वचेच्या पेशी यांची कामे ठरलेली आहेत. ती तीन टप्प्यांत चालतात.

पहिला टप्पा मऊ गुठळीचा. रक्तलसिका बाहेर येताच तिच्यात धागे दिसू लागतात आणि त्या धाग्यांत पेशी व जंतू अडकतात. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठातील संशोधकांनी तंबाखूवर वाढणाऱ्या एका मोठ्या सुरवंटावर केलेले निरीक्षण 2024 साली प्रसिद्ध झाले. पाण्यासारखा पातळ असलेला हा द्रव काही सेकंदांतच लाळेसारखा चिकट होतो, लोंबणारा थेंब तुटून पडण्याऐवजी जखमेकडे परत ओढला जातो, मग पेशी गोळा होऊन त्यावर कवच धरू लागते, असे त्यांना दिसले. सारा प्रकार साधारण मिनिटभराचा. आपल्या बोटाला कापले तर रक्त थांबायला याहून अधिक वेळ लागतो.

हे धागे कशाचे? फळमाशीत त्यातला प्रमुख घटक म्हणजे हिमोलेक्टिन हे भलेमोठे प्रथिन. त्याचे जनुक 2001 साली वेगळे करून ओळखण्यात आले, तेव्हा त्याच्या रचनेत एक ओळखीचा चेहरा दिसला. माणसाच्या रक्तात वॉन विलेब्रांड घटक नावाचे प्रथिन असते. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी 1926 साली ऑलंड बेटांवरील एका कुटुंबातील रक्तस्रावाच्या विकाराचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. रक्तबिंबिकांना जखमेच्या जागी चिकटवणे हे त्याचे काम. हिमोलेक्टिनचे काही भाग या प्रथिनाशी मिळतेजुळते आहेत. रेशीमकिड्यातही असेच प्रथिन 1995 साली सापडले होते. कीटक आणि माणूस यांच्या वाटा पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. तरीही चिकटण्याचे तेच जुने साधन दोघांच्याही घरात वापरात आहे.

हिमोलेक्टिनच्या जोडीला आणखी एक प्रथिन आहे. त्याचे नाव 'फोंड्यू'. वितळलेल्या चीजचा, तार सुटणारा एक स्विस पदार्थ आहे, त्याचेच हे नाव. या प्रथिनाचे नातेवाईक माणसात आढळत नाहीत. ते कीटकांचे स्वतःचे. मात्र त्याला इतर प्रथिनांशी टाके घालून जोडणारे विकर पुन्हा आपल्या ओळखीचे आहे. त्याचे नाव ट्रान्सग्लुटामिनेज. माणसाच्या गुठळीला अखेरची बळकटी देणारा तेरावा घटक याच कुळातला आहे. म्हणजे धागा वेगळा, पण शिवणारी सुई एकाच कारखान्यातली, असा हा प्रकार झाला.

काळी पडणारी जखम

दुसरा टप्पा खपलीचा. चिरलेले वांगे थोडा वेळ उघडे राहिले तर काळे पडते. कीटकाच्या जखमेवर त्याच जातीची रासायनिक क्रिया घडते. टायरोसिन या साध्या अमिनो आम्लापासून पायरीपायरीने मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य तयार होते आणि मऊ गुठळी टणक, काळी खपली बनते. ही क्रिया घडवणारे विकर म्हणजे फिनॉलऑक्सिडेज. त्याचे निद्रिस्त रूप स्फटिकपेशींत साठवलेले असते. किंबहुना त्या पेशींतील स्फटिक म्हणजे हा साठाच. जखम होताच या पेशी स्वतः फुटतात आणि साठा मोकळा करतात.

या विकराची तीन जनुके फळमाशीत आहेत. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ती एकेक करून बंद करण्यात आली, तेव्हा त्यांच्यातील श्रमविभागणी स्पष्ट झाली. पहिल्या जनुकाचे प्रथिन द्रवात तयार असते आणि तत्काळ कामाला लागते. दुसऱ्याचे प्रथिन स्फटिकांच्या रूपात राखीव असते व नंतरच्या जोरदार काळवंडण्याला पुरवठा करते. तिसऱ्याचा संबंध परोपजीवीभोवती आवरण घालणाऱ्या चपट्या पेशींशी आहे. पहिली दोन्ही बंद केली तर प्रौढ माशीची जखम काळी पडतच नाही.

तिसरा टप्पा त्वचेचा. खपली ही तात्पुरती झडप. तिच्याखाली त्वचेच्या पेशी लांबट होऊन जखमेच्या दिशेने सरकतात, काही पेशी एकमेकींत विलीनही होतात आणि भोक कायमचे मिटते. अमेरिकेतील मायकल गाल्को व मार्क क्रॅस्नो यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे दोन टप्पे जनुकांच्या साहाय्याने वेगळे करून दाखवले. स्फटिकपेशी घडण्यासाठी 'लॉझेंज' हे जनुक लागते. ते बिघडलेल्या अळ्यांत खपली धरली नाही. उलट पेशींना ताणाची सूचना देणारी एक संदेशसाखळी त्वचेत बंद केली, तर खपली व्यवस्थित धरली, पण खालची त्वचा मिटली नाही. खपली आणि त्वचा यांना हुकूम देणारे अधिकारी वेगवेगळे आहेत, हे त्यातून सिद्ध झाले.

त्वचेला आणखी एक काम असते. कीटकाच्या अंगावरचे कवचही पुन्हा बनवावे लागते. 2005 साली अमेरिकेतीलच दुसऱ्या एका गटाने दाखवले की, जखमेभोवतीच्या पेशींमध्ये कवच टणक करणाऱ्या रसायनांची जनुके जागी होतात आणि त्यांना जागे करणारे मुख्य जनुक म्हणजे 'ग्रेनीहेड'. याच जनुकाचा उंदरातील भाऊबंद बिघडला तर उंदराच्या गर्भाची त्वचा जखम नीट भरू शकत नाही, हे 'सायन्स' नियतकालिकाच्या त्याच अंकात दुसऱ्या गटाने प्रसिद्ध केले. माशीचे कवच कायटिनचे, उंदराची त्वचा केराटिनची. माल निराळा असला तरी 'भिंत पडली आहे, दुरुस्त करा' हा हुकूम मात्र एकाच शब्दात दिला जातो.

एक दुवा तुटला तर?

माणसात आठव्या घटकाचे एक जनुक बिघडले तर हिमोफिलिया होतो आणि उपचार न मिळाल्यास साधा मारही जिवावर बेततो. मग हिमोलेक्टिनचे जनुक गमावलेली फळमाशी पहिल्याच ओरखड्याने मरायला हवी. तसे होत नाही. तिची मऊ गुठळी बिघडते, जखमेतून द्रव अधिक वाहतो. तरीही ती जगते, वाढते, अंडी घालते. कारण धागे अपुरे पडले तरी खपली धरते. काळी खपली न धरणाऱ्या अळीत मऊ गुठळी तरी तयार होते. आपल्या शरीरातील घटकांची साखळी एकापुढे एक अशी बांधलेली आहे, त्यामुळे एक कडी तुटली की पुढचे सारे अडखळते. कीटकाने मात्र जाळे, झडप आणि भिंत अशा तीन वेगळ्या तटबंद्या उभारल्या आहेत.

याचा अर्थ कीटकाला काहीच किंमत मोजावी लागत नाही, असा नव्हे. मेलॅनिन तयार होताना निर्माण होणारी रसायने जंतूंइतकीच स्वतःच्या पेशींनाही मारक असतात. हा निखारा जखमेपुरताच राहावा म्हणून लगाम लागतो. फळमाशीत हे काम सर्पिन-27ए हे प्रथिन करते. ते नसलेल्या माश्यांत काहीही इजा नसताना शरीरात काळे डाग पडू लागतात, हे 2002 साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. आपल्या रक्तात नको तेथे गुठळी होऊ न देणारे अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिनही याच सर्पिन कुळातले. ते कमी पडले तर माणसाच्या शिरांत गुठळ्या होतात. गोठवणारी यंत्रणा जितकी जलद, तितका तिचा लगाम महत्त्वाचा, हा नियम माशीला आणि माणसाला सारखाच लागू आहे.

दुसरे उदाहरण याहून विलक्षण. 'हायान' या जनुकामुळे बनणारे विकर मेलॅनिनच्या साखळीची किल्ली फिरवते. कोरियन भाषेत या शब्दाचा अर्थ पांढरा. कोरियातील संशोधकांनी 2012 साली दाखवले की, हे जनुक नसलेल्या माशीला निर्जंतुक सुईने टोचले तरी ती मरू शकते. जंतूंचा संसर्ग नाही, मोठी गळती नाही, मग मृत्यू कशाने? जखमेपासून निघालेला रासायनिक संदेश दूरच्या चेतापेशींपर्यंत पोचतो आणि त्यांना धक्का सोसण्यास सज्ज करतो. तो संदेश या माश्यांत निघतच नव्हता. जखम अंगाच्या एका कोपऱ्यात झाली तरी तिची वार्ता साऱ्या शरीराला जावी लागते. माणसातही गंभीर जखमेनंतर दूरचे अवयव निकामी होतात. त्यामुळे या निष्कर्षाकडे वैद्यकाचेही लक्ष गेले.

गुठळीचा कैदी

आता पुन्हा शत्रूला जखडण्याच्या कामाकडे वळू. स्टॉकहोम येथील उलरिख थिओपोल्ड यांचा गट अनेक वर्षे फळमाशीच्या गुठळीचा अभ्यास करीत आला आहे. 2010 साली या गटाने व सहकाऱ्यांनी दाखवले की, ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर केवळ धागे शिवत नाही, तर आत शिरलेल्या जंतूंनाही त्या धाग्यांशी शिवून टाकते. मग त्यांनी माणसाचा तेरावा घटक घेतला. त्यानेही जंतूंना तसेच जखडले. रक्त थांबवणारा म्हणून आपण ज्याला ओळखत होतो तो घटक पहारेकरीही आहे, हे माशीच्या वाटेने लक्षात आले. गोठणे आणि रोगप्रतिकार ही वैद्यकाच्या पुस्तकांत दोन वेगळी प्रकरणे असतात. कीटकाच्या थेंबात ती एकच आहेत.

याच प्रयोगांत शत्रू म्हणून काही सूत्रकृमी वापरण्यात आले होते. हे डोळ्यांना न दिसणारे कृमी कीटकाच्या शरीरात शिरतात, आपल्या पोटातील जीवाणू तेथे सोडतात आणि कीटक मरतो. ट्रान्सग्लुटामिनेज कमी केलेल्या अळ्या या हल्ल्याला अधिक सहजपणे बळी पडल्या. ही गोष्ट प्रयोगशाळेपुरती नाही. याच कुळातील हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात 1992 साली कोइमतूरच्या नमुन्यांवरून प्रथम नोंदली गेली आणि आज ती उसावरील हुमणीसारख्या जमिनीतल्या अळ्यांविरुद्ध जैविक उपाय म्हणून आपल्या देशात वापरली जाते. कीटकाच्या गुठळीला हा कृमी कसा चकवतो हे जितके नेमके कळेल, तितकी विषारी फवारणीची गरज कमी करता येईल.

रेशीम उत्पादकाला या शास्त्राची दुसरी बाजू दिसते. जालना-बीड परिसरात तुतीवरची रेशीमशेती करणाऱ्यांना उझी माशी परिचित आहे. ही माशी रेशीमकिड्याच्या अंगावर अंडे घालते; त्यातून निघालेली अळी कातडी भेदून आत शिरते. ती शिरल्याची खूण म्हणजे किड्याच्या अंगावरचा काळा डाग. तो डाग म्हणजे दुसरेतिसरे काही नसून वर सांगितलेले मेलॅनिन, किड्याने धरलेली खपली. पण येथे खपली हरते. या कुळातील अनेक माश्यांच्या अळ्या यजमानाने घातलेल्या काळ्या आवरणाचेच नरसाळे बनवतात आणि त्यातून बाहेरची हवा घेत आत आरामात वाढतात. लाखो वर्षांच्या झुंजीत शत्रूने तटबंदीलाच खिडकी पाडली.

पुन्हा डासाकडे

शेवटी तळहातावरच्या त्या डासाकडे येऊ. दंश करताना डास आपल्या लाळेतून रक्त गोठू न देणारी द्रव्ये सोडतो. ॲनॉफिलिस डासांच्या एका जातीतील अशा प्रथिनाला ॲनोफेलिन हे नाव आहे. ते आपल्या थ्रॉम्बिन या गोठवणाऱ्या विकराला निकामी करते. आपली गुठळी थोपवणाऱ्या या डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी मात्र त्याच्या स्वतःच्या बचावयंत्रणेशी झगडत असतात.

रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचे परजीवी पाहिले. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी, 1986 साली, अमेरिकेतील संशोधकांनी ॲनॉफिलिस गँबिए या आफ्रिकी डासाचा असा वाण निवडून काढला, ज्याच्या जठराच्या भिंतीत परजीवी जिवंत राहत नव्हते. त्यांच्यावर मेलॅनिनचा काळा मुलामा चढत होता. जखमेवर खपली धरावी तसा हा प्रकार होता. 2004 साली या बचावातील एक महत्त्वाचे जनुक, टीईपी-1, ओळखले गेले. त्याचे प्रथिन परजीवीला चिकटून त्याच्यावर जणू खूण करते. ते आपल्या रक्तातील रोगप्रतिकारक पूरक प्रथिनांच्या कुळातले आहे.

ही किल्ली फिरवून सगळे डास मलेरियाला दाद न देणारे करता येतील का? मोह पडावा असा विचार आहे, पण वाट सरळ नाही. निसर्गात डास आणि मानवी मलेरियाचा परजीवी एकमेकांच्या सहवासात दीर्घकाळ राहिले आहेत; तेथे हा काळा मुलामा क्वचितच दिसतो, कारण परजीवीनेही डासाच्या पहाऱ्यातून निसटण्याच्या युक्त्या साधल्या आहेत. शिवाय मेलॅनिनचा निखारा डासालाही महाग पडतो आणि दुबळा डास निसर्गाच्या शर्यतीत मागे राहतो. मुंबईसारख्या शहरात मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलिस स्टीफन्सी गच्चीवरच्या उघड्या टाकीत वाढतो. त्याच्या जनुकांत बदल करण्याचे प्रयोग प्रयोगशाळांत चालू असले, तरी टाकीला घट्ट झाकण बसवण्याचे काम आपल्याकडेच राहते.

तरीही या अभ्यासाने आपल्या विचारात एक कायमचा बदल केला आहे. जखमेवर धरलेली खपली म्हणजे वाहते रक्त अडवणारे बूच, एवढीच आपली समजूत होती. त्या चिमुकल्या थेंबाने दाखवले की, खपली बूच आहे, तुरुंग आहे, आणि साऱ्या शरीराला धाडलेला निरोपही आहे. माणसाच्या शरीरात ही कामे इतकी गुंतलेली आहेत की ती वेगळी करून पाहणे अवघड. केळ्यावरच्या माशीने ती सुटी करून दाखवली.